गाडीवर असताना वाजणारा फोन : तुमचे अनुभव लिहा

केतकी_
परवा बहिणीकडे भाच्याच्या गाडीवरून बोलणं चाललं होतं. अठरावं लागलंय, बारावी झाली की गाडी हवीच. बहिणीची एकच अट, "मी फोन केला की उचलायचा, मला काळजी लागते." ऐकून पोटात गोळाच आला.

२०११. आम्ही संगमनेरला एफवायला. ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचं गाव लांब, म्हणून तिच्या वडिलांनी स्कूटी घेऊन दिली. तेव्हा मुली चेहऱ्याला स्कार्फ बांधायच्या आणि फोन त्याच्या आत कानाशी खोचायच्या. दोन्ही हात मोकळे. डिसेंबर, उसाचा हंगाम, प्रॅक्टिकल उशिरा सुटलं. रस्त्यात पंक्चर झालेली उसाची ट्रॉली उभी, ना दिवा ना रिफ्लेक्टर, मागे नुसते दोन दगड. ती घरच्यांशीच बोलत होती. काका (तिचे वडील) विचारत होते, "कुठवर आलीस? पानं घेतोय." धडकेचा आवाज त्यांनी फोनमध्ये ऐकला.

जबडा, डावा पाय, आख्खं वर्ष गेलं. आता शिक्षिका आहे, संसार छान चाललाय, थंडीत पाय ठणकतो. काकांनी मात्र पोरं गाडीवर असतील त्या वेळी परत कधी फोन लावला नाही. तिलाही नाही, तिच्या भावालाही नाही.

पोरं गाडीवर फोन घेतात म्हणून आपण ओरडतो. पण तो फोन पुष्कळदा घरूनच आलेला असतो. तुम्ही काय पाहिलंत? लिहा.

माणदेशी
ट्रॉलीचं वाचून अंगावर काटा. आमच्याकडे अजून तेच. एकामागे एक दोन ट्रॉल्या, रात्री रस्त्यात उभ्या. कारखान्यावर रिफ्लेक्टर लावतात पण चिखलाने माखलेला रिफ्लेक्टर काय चमकणार? हंगामात आम्ही पोरं फडकं घेऊन पुसत फिरायचो.

सिस्टर_कोल्हापूर
ड्यूटी संपवून लिहितेय, घाईत आहे. कॅज्युअल्टीत वर्षानुवर्षं बघतेय. सोळा ते वीसची पोरं, मनगट आणि गळ्याचं हाड मोडलेलं. हेल्मेट असतं, पण कोपरात अडकवलेलं, म्हणजे डोक्याला मार आणि वर कोपरही फुटलेलं. आणि खिशातला फोन वाजतच असतो. स्क्रीनवर "आई". तो आम्ही उचलायचा असतो. काय बोलायचं हे मला अजून नीट जमत नाही.

एक महत्त्वाचं. रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर १०८ लावा, थांबा. पोलिसांच्या भीतीने लोक पोराला दारात सोडून पळतात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय, मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, त्याच्यावर केस होत नाही.

राधिका७
_/\_ सिस्टर

क्लचवाला
साताऱ्यात ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. पोरांना भाषण दिलेलं कळत नाही, मैदान कळतं. मी विचारतो, मेसेज वाचायला किती वेळ? म्हणतात पाच सेकंद. ताशी ४० ने पाच सेकंदांत गाडी ५५ मीटर जाते. क्रिकेटचं पीच २० मीटरचं, म्हणजे पावणेतीन पिचं तू डोळे मिटून पळालास. मग टेप घेऊन तेवढं अंतर चालायला लावतो. चालताना गप्प होतात.

आणि ब्लूटूथ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. हात मोकळा असतो, डोकं बोलण्यात असतं. समोरचा इंडिकेटर दिसतो पण कळत नाही. आईशी भांडण चालू असेल तर बघायलाच नको.

गौरांगी
स्कार्फमध्ये फोन!! आमच्या पुण्यात एफसी रोडवर पण हेच चालायचं. बाय द वे चांगले सुती स्टोल हल्ली कुठे मिळतात? सगळीकडे सिंथेटिकच.

अनया_एडिसन
इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला, मुलीला सतराव्या वर्षी प्रोबेशनरी (नवख्यांचं, अटी असलेलं) लायसन्स मिळालं. नंबरप्लेटवर लाल स्टिकर लावावे लागतात, २०१० पासूनचा नियम. त्या लायसन्सवर हँड्सफ्री फोनसुद्धा चालत नाही, रात्री ११ नंतर पहाटे ५ पर्यंत गाडी नाही, मित्रमैत्रिणींची गर्दी नाही. नियम कडक, पण माझ्या सासूबाई पुण्याहून तिला नेमका तिच्या सकाळी शाळेला निघायच्या वेळी व्हिडिओ कॉल करायच्या. आजीचा कॉल कट कसा करायचा, म्हणून ती बिचारी कासावीस. शेवटी मी आईंना (सासूबाईंना) घड्याळ लावून दिलं, एडिसनच्या वेळेचं. सकाळी सात ते आठ फोन बंद. त्यांनी मनावर घेतलं, आता त्याच आमच्या सगळ्या नातेवाइकांना दटावतात.

गौरांगी
अनयाताई, आजी भारी आहेत :)

विक्रांत_१९
इथे बहुतेक सगळे काकाकाकू आहात म्हणून आमची बाजू सांगतो. माझ्या मित्राचा किस्सा. चाकणला क्लासला जातो, हायवे आहे. त्याचा नियम होता, गाडीवर फोन नाहीच. तर त्याची आई लागोपाठ फोन करायची, मग बाबांना सांगायची, मग बाबा. घरी पोचला की "फोन का उचलला नाहीस, जीव टांगणीला लागला" म्हणून तासभर बोलणी. महिन्याभरात तो उचलायला लागला. रील्स बघत गाडी चालवणारे पण आहेत, मी नाही म्हणत नाही, अशाच्या मागे मी बसतच नाही. पण ज्याला नीट चालवायचीय त्याला तरी चालवू द्या.

केतकी_
विक्रांत, हे बहिणीला जसंच्या तसं पाठवलं.

माणदेशी
शाब्बास पोरा.

अ‍ॅड_भोर
थोडं कायद्याचं, कारण सोसायटीच्या ग्रुपवर फार चुकीचं फिरतं. सोळा वर्षांना लायसन्स मिळतं ते फक्त बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. घरोघरी असते ती स्कूटर ११०-१२५ सीसीची, तिला अठराच हवेत. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, त्यानंतर पालक थोडे जागे झाले. तिथे विषय दारूचा होता, पण किल्ली घरातूनच जाते हे सारखंच.

ताशी २५ च्या आतल्या, २५० वॉटच्या ई-स्कूटरला लायसन्स लागत नाही. त्यामुळे आठवी-नववीची मुलं त्यावर ट्यूशनला जातात, हँडलला फोन लावून. माझ्या मते सध्या सगळ्यात जास्त लक्ष तिकडे हवं.

राधिका७
पण मॅप लावावा लागतो ना? आमचा मुलगा नवीन गावात आहे

अ‍ॅड_भोर
रस्ता दाखवण्यापुरता फोन चालतो, लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. २०२० पासून नियमातच आहे. मॅप बघताना वर मेसेज टपकतात तीच अडचण.

क्लचवाला
राधिकाताई, स्टँडवर असतानाच रस्ता लावायचा, आवाज एका कानात, फोन खिशात. चुकलं तर कडेला घ्यायची, पूर्ण थांबायचं, मग बघायचं. चालता चालता नाही.

भाग्यश्री_म
आमच्या घरी निघताना मुलगी फक्त "निघाले" टाकते, पोचली की "पोचले". मधे कुणी काही करायचं नाही. यजमानांना पहिल्यांदा फार जड गेलं, येरझाऱ्या घालायचे. मी त्यांना भाजी निवडायला बसवते. मेथी असली तर वेळ बरा जातो.

गौरांगी
मेथी :D अहो पण स्टोलचं कुणीच नाही सांगितलं

सिस्टर_कोल्हापूर
गौरांगी, महाद्वार रोडला मिळतात सुती. बांधताना मागचं टोक आत खोच, चाकात जातं. ते पण बघितलंय.

राधिका७
आयफोनमध्ये काही आपोआप होतं का? मुलाने सांगितलं पण मला सापडेना

विक्रांत_१९
काकू, सेटिंग्जमध्ये फोकस, त्यात ड्रायव्हिंग. ऑटो-रिप्लाय मराठीत लिहिता येतो. माझा आहे "गाडीवर आहे, थांबलो की करतो". अँड्रॉइडला कंपनीप्रमाणे वेगळं असतं, नाही सापडलं तर सरळ डू नॉट डिस्टर्ब लावायला सांगा. कोणता फोन आहे?

राधिका७
त्याचा आयफोन, माझा साधा. थांब, त्यालाच विचारते. आत्ता नको, क्लासहून निघाला असेल. आठनंतर विचारते.