मदत हवी आहे: क्रॉप बॉडीसाठी (लहान सेन्सरचा कॅमेरा) स्वस्तातली अल्ट्रा वाइड, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणारी लेन्स कोणती घेऊ?

मंडळी, जरा सल्ला द्या. माझ्याकडे कॅननची क्रॉप बॉडी आणि किटची (कॅमेऱ्यासोबत आलेली) १८-५५ मिमी लेन्स आहे, पण लहान सेन्सरमुळे १८ ला १.६ ने गुणलं की मोठ्या (फुल फ्रेम) सेन्सरच्या हिशोबात झाले जवळपास २९, म्हणजे दृश्य अरुंद, त्यामुळे छोट्या खोलीत भिंतीला पाठ टेकवली तरी सगळे फ्रेममध्ये मावत नाहीत, कुणाचा तरी कान कापला जातोच :) कॅननची १०-१८ हलकी, जेमतेम २४० ग्रॅम, आयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारं स्टॅबिलायझेशन) पण आहे, पण सुरुवातच एफ ४.५ पासून, म्हणजे प्रकाश कमी घेते. टोकिना ११-१६ सगळ्या झूमला एफ २.८ देते, म्हणजे प्रकाश जास्त, मात्र जड आणि स्टॅबिलायझेशन नाही. ताऱ्यांचे फोटो काढायची हौस आहे, वर्षातनं दोनतीनदाच म्हणा, बाकी लँडस्केप ट्रायपॉडवरच. तेवढ्यासाठी टोकिना घ्यावी का? आणि सेकंडहँड घेतली तर नेमकं काय तपासू?