फुकटचं टेम्प्लेट आणि गूगलमधली जागा: तुमचे अनुभव सांगा

तिठा:
काल भाच्याचा फोन आला. घरच्या देवगड हापूससाठी त्याला साइट करायची आहे. म्हणाला, "मावशी, भारी थीम मिळालीय, म्हणजे साइटचं तयार टेम्प्लेट. आहे पैसेवाली, पण कुणीतरी फोडून फुकट टाकलीय." ऐकलं आणि २०१२ सालचं सगळं आठवलं. तेव्हा मामांच्या तारकर्लीच्या न्याहारी-निवासाची साइट मी सांभाळायचे. मामींनी हौसेने थीम निवडली होती, निळा समुद्र नि वर माड. मग एका पाहुण्यांनी फोन करून सांगितलं की गूगलवर तुमच्या नावाखाली कसिनो, कर्ज आणि कसल्याकसल्या गोळ्या दिसताहेत. साइट उघडावी तर त्यातलं अक्षरही दिसेना! शेवटी पानाचा सोर्स उघडला. अगदी तळाशी डिस्प्ले-नन, म्हणजे 'दाखवू नको' अशी खूण लावलेला डबा आणि त्यात ओळीने लिंका. माणसाला दिसू नयेत, गूगलला दिसाव्यात अशा. फूटरच्या, म्हणजे पानाच्या तळपट्टीच्या फाइलमध्ये ईव्हॅल, बेस-६४ ने सुरू होणारी अक्षरांची लांबच लांब माळ, म्हणजे वाचता येऊ नये असा गुंडाळलेला कोड. ती उडवली की अख्खी साइट पांढरीफटक. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गूगलचं पेंग्विन, म्हणजे लबाडीने वर चढणाऱ्या साइट मागे ढकलणारा बदल आला आणि मामा पार मागे पडले. थीम मुळापासून बदलली, पण दिवाळीच्या सुट्टीचा धंदा गेला तो गेलाच.
पोराला साइट फुकटातच करू दे, माझी ना नाही. पण काय काय बघून घ्यावं ते सांगा.

पानसुपारी:
अगदी अगदी! बहिणीच्या पार्लरच्या साइटवर हेच, फक्त तिथे जपानी अक्षरं. कुकर लावलाय, येते परत.

घाटमाथा:
तिठाताई, पेंग्विनचा रोख मुख्यतः अशा लिंका गोळा करून वर चढणाऱ्यांवर होता. मामांना बहुधा लपवलेला मजकूर भोवला. दोन्ही गोष्टी गूगलच्या नियमांत आहेत. टेम्प्लेटच्या फूटरमधून साइटोसाइटी पसरवलेल्या लिंकांचा तर तिथे वेगळा उल्लेख आहे. साइटमालकांसाठी गूगलचं सर्च कन्सोल आहे, त्यात 'मॅन्युअल ॲक्शन्स' असं पान असतं. तिथे ठपका दिसला तर घाण काढून फेरविचाराचा अर्ज करता येतो.
भाच्याला सांगा, फोडलेल्या थीमला हातही लावू नकोस. साइट वर्डप्रेसवर करणार असशील आणि थीम फुकट हवी असेल तर वर्डप्रेस-डॉट-ऑर्गच्या यादीतली घे. तिथे थीम तपासून घेतात, असला गुंडाळलेला कोड चालत नाही आणि फूटरमध्ये श्रेयाची एकच लिंक चालते.

मोदकप्रेमी:
मामांकडे अजून राहायची सोय आहे का? मे महिन्यात आम्ही सहा जण, त्यात दोन लहान.

तिठा:
आता मामेभाऊ बघतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

शाईपेन:
माझा ब्लॉग गूगलच्या ब्लॉगरवर आहे, पाककृतींचा. फुकट टेम्प्लेटमधली "बनवणार अमुक" ही ओळ काढली की पान उघडताक्षणी वाचक थेट त्या अमुकच्या साइटवर! आत जावास्क्रिप्ट पेरलेली होती. मला ते श्रेय ठेवायला काहीच हरकत नव्हती हो, पण लिंक त्याच्याही साइटची नव्हती, कुठल्याशा घड्याळांच्या दुकानाची होती.

घाटमाथा:
परवान्यात श्रेय ठेवा म्हटलं असेल तर ठेवावं, माणसाने मेहनत केलेली असते. परवाना आड येत नसेल तर त्या लिंकला नोफॉलो, म्हणजे 'ही लिंक आमची शिफारस धरू नका' अशी गूगलसाठीची खूण लावावी. घड्याळवाल्या टेम्प्लेटला मात्र नारळ.

हिरवी मिरची:
आमच्या क्लासची साइट गूगलवर येईचना. रोज बघायचे. सर्च कन्सोलमध्ये पत्ता तपासला तर 'नोइंडेक्स'मुळे, म्हणजे 'हे पान शोधात घेऊ नका' या सूचनेमुळे वगळलंय म्हणे. टेम्प्लेटवाल्याने डेमोसाठी टाकलेली ती ओळ पानाच्या कोडच्या वरच्या भागात (हेडमध्ये) तशीच राहिलेली. वर्डप्रेसवाल्यांनी सेटिंग्जमध्ये रीडिंगची ती टिकसुद्धा बघा, सर्च इंजिनांना मज्जाव करणारी.
ती ओळ काढली तर सगळ्यात आधी काय दिसावं? डेमोची पानं! लोरेम इप्सम हा जागा भरायचा निरर्थक मजकूर आणि 'आमचे शिक्षक: जॉन डो'. एक आजोबा विचारत आले, हे डो सर गणित शिकवतात का म्हणून 😄

मोदकप्रेमी:
डो सर 😂😂

उंबरठा:
आमच्या मंडळाच्या जुन्या दिवाळी अंकांची गोष्ट वेगळी. सगळं शिवाजी फॉन्टमध्ये, म्हणजे रोमन अक्षरांनाच मराठी रूप देणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये. आपल्याला मराठी दिसायचं, गूगलला नुसती रोमन अक्षरांची खिचडी. आधी युनिकोड केलं, मगच टेम्प्लेट निवडलं, आणि लोक लेखकाचं नाव टाकून अंकापर्यंत यायला लागले.
फुकट टेम्प्लेटचा फॉन्ट बहुतेक वेळा फक्त रोमनचा असतो. आम्ही मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मुक्त' नावाचा फॉन्ट घातला, तोही फुकट आहे. त्याची सगळी वजनं (जाड-बारीक रूपं) लोड करू नका, साधं आणि ठळक पुरे. वरची फिरती चित्रं पण काढली. गूगलच्या हिशेबात पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा. चार मोठे फोटो फिरवत ठेवले तर मोबाइलवर ते जमणं कठीण.
आणि टेम्प्लेटमध्ये भाषा इंग्रजी लिहिलेली असते ती मराठी करा. गूगल भाषा मजकुरावरून ओळखतं, त्याला फरक पडत नाही. पण आमच्या एका दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीनरीडर मराठी लेख इंग्रजी आवाजात वाचायला जात होता.

हिरवी मिरची:
हे शेवटचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. आजच बदलते.

पानसुपारी:
आले. बहिणीच्या साइटवर थीम बदलूनही जपानी पानं उगवतच होती. मग कळलं, सर्च कन्सोलमध्ये मालक म्हणून भलत्याच कुणाचं तरी खातं जोडलेलं, आणि त्याने स्वतःचा साइटमॅप, म्हणजे पानांची यादीही गूगलला दिलेली. थीम साफ केल्यावर मालकांची यादीही बघाच. बहीण रडकुंडीला आली होती, लग्नाचा मोसम चालू.

तिठा:
बिचारी. आता सावरलं ना?

पानसुपारी:
हो हो, आता ठीक. मेंदीच्या ऑर्डरी घेतेय.

शाईपेन:
एक शंका. ब्लॉगरवर मराठी शीर्षकाची पोस्ट टाकली की पत्ता नुसता 'ब्लॉग-पोस्ट' नि पुढे आकडा असा होतो. टेम्प्लेट बदलतेच आहे तर जुने पत्तेही नीट करू का?

घाटमाथा:
ज्या पोस्टींवर गूगलवरून लोक येतात त्यांना हात लावू नका. पत्त्यातल्या शब्दांना फार वजन नसतं. बदलायचाच असेल तर पोस्ट आधी मसुद्यात न्यावी लागेल, आणि मग सेटिंग्जमध्ये 'कस्टम रीडायरेक्ट्स'मध्ये जुना पत्ता नव्याकडे वळवून 'कायमचा' निवडा. नव्या पोस्टींना मात्र प्रकाशित करण्यापूर्वीच 'कस्टम परमालिंक', म्हणजे स्वतः ठरवलेला पत्ता द्या.

शाईपेन:
मग फक्त उकडीच्या मोदकांची पोस्ट तशीच ठेवते, गणपतीत तीच चालते.