मदत हवी आहे: ऐंशी-नव्वदीतल्या आजी-आजोबांसाठी हॅलोविनचे खेळ

नमस्कार मंडळी,

मी ओहायोत, कोलंबसजवळ राहते. दीड वर्षापासून एका असिस्टेड लिव्हिंगमध्ये (म्हणजे रोजच्या कामात मदत लागणाऱ्या वृद्धांच्या निवासात) अर्धवेळ अ‍ॅक्टिव्हिटी असिस्टंट आहे. बिंगोचे आकडे पुकारणं, फुग्याचा व्हॉलीबॉल, कोणाची नखं रंगवून देणं, असलं काम. यंदा हॅलोविनची पार्टी माझ्या गळ्यात पडलीय, कारण दरवर्षी ती करणारी सहकारी बाळंतपणाच्या रजेवर आहे. ३१ ऑक्टोबर शनिवारी येतोय, म्हणून पार्टी शुक्रवारी ३० ला. वेळ दीड तास, पैसे ६० डॉलर, माणसं २२. त्यातले सात जण व्हीलचेअरवर, पाच जणांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), दोघींना जवळजवळ काहीच दिसत नाही आणि एका आजोबांना सतत ऑक्सिजन लावलेला असतो.

गेल्या वर्षीची फजिती आधी सांगते. पार्टी संध्याकाळी सहाला ठेवली होती. डिमेन्शियाच्या बऱ्याच लोकांची घालमेल नेमकी दिवस मावळताना वाढते, आणि त्यात एक जण चेटकिणीचा रबरी मुखवटा घालून आला. एका आजींनी माझा हात जो धरला तो अर्धा तास सोडला नाही. कॉरिडॉरमध्ये पुठ्ठ्याचे कबरीचे दगड मांडलेले. आमचे ९१ वर्षांचे निवृत्त पोस्टमन आजोबा ते एकेक वाचत गेले आणि म्हणाले, "माझा अजून छापून आला नाही वाटतं!" सगळे हसले, पण मी ते गुपचूप उचलून ठेवले.

म्हणून यंदा वेळ सकाळी साडेदहाची. मुखवटे नाहीत, फक्त टोप्या. धुराचं मशीन नाही. भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा, कारण ऑक्सिजनजवळ ज्योत नको. टॉयलेट पेपरच्या दहा रोलवर भुताची तोंडं काढून छोट्या भोपळ्यानं बोलिंग करायचं, एवढं ठरलंय. ते बसूनही खेळता येतं.

पुढे मात्र गाडी अडलीय. नेटवर शोधलं की कागदी प्लेटची भुतं आणि कापसाचे ससे सापडतात. एका आजींनी तीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवलंय. त्यांच्या हातात मी गोंदाची कांडी दिली तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हे नक्की कोणासाठी आहे?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. तर बालवाडी वाटणार नाही असं काय करता येईल? ज्यांना दिसत नाही त्यांना काय देऊ? खायला काय ठेवू? आणि चार आजोबा आहेत, ते काहीही असलं तरी भिंतीला पाठ लावून बसतात. त्यांचं काय करू?

*

रात्रपाळी: मी नर्स आहे, म्हणून आधी खाण्याचं. कॅंडीचा वाडगा टेबलावर ठेवूच नकोस. टणक गोळ्या, चिकट कॅरमेल, शेंगदाणे, पॉपकॉर्न आणि मार्शमेलो, सगळं घशात अडकणारं. कवळी असेल तर आणखी कठीण. किचनकडून प्रत्येकाचा डाएटचा कागद माग. कोणाला मऊ, कोणाला दळलेलं, कोणाला पाणीसुद्धा घट्ट करून लागतं, ते त्यावर असतं. भोपळ्याचं मऊ पुडिंग छोट्या वाट्यांत आणि अ‍ॅपल सॉस हे बहुतेकांना चालेल, पण तेही कागद बघून. मधुमेहवाल्यांसाठी बिनसाखरेचं वेगळं, आणि वाट्या दिसायला सारख्या ठेव. वेगळी वाटी मिळालेली कोणालाच आवडत नाही. पाण्यातली सफरचंदं दातांनी उचलायचा जुना खेळ कोणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हण.

तिरका: आपल्याकडे कोजागिरी, भोंडला असताना हे परकं खूळ कशाला?

धागाकर्ती: अहो काका, त्यांच्यासाठी ते परकं नाही. २२ पैकी २२ जण इथलेच आहेत. भोंडल्याला खिरापत ओळखा म्हटलं तर माझ्याच तोंडाकडे बघत बसतील.

भोपळघारगे: आजोबांसाठी रामबाण उपाय. गोल्फच्या लाकडी टी (चेंडू ठेवायच्या खुंट्या) आणि लाकडी हातोडी आण. भोपळ्याला सुरी लावायची नाही, टी ठोकून नक्षी करायची. भोपळा डगमगू नये म्हणून खाली ओला टॉवेल. ज्यांनी आयुष्यभर हातात हत्यार धरलंय त्यांना हातोडीचा आवाज आला की ते आपोआप वळून बघतात. दुसरं म्हणजे सगळ्यात मोठ्या भोपळ्याचं वजन ओळखायला लाव. त्यासाठी तुमच्याकडे काटा असेलच. गणितवाल्या आजींना पंच कर, गोंदाची भरपाई होईल.

सातारी कंदी: दिसत नाही त्यांच्यापुढे कापलेला भोपळा ठेव आणि गरातून बिया वेगळ्या करायला सांग. थंड, बुळबुळीत गर, त्यातून निसटणारी बी, आणि तो कच्चा वास. सोललेली द्राक्षं 'डोळे' म्हणून हातात द्यायचा खेळ मुलांना ठीक आहे, डिमेन्शियावाल्यांना उगाच घाबरवू नकोस.

आणि गप्पांना वेळ ठेव. आज पंच्याऐंशीची असलेली आजी १९४१ ची. युद्धामुळे साखरेचं रेशनिंग १९४२ ला सुरू झालं ते १९४७ ला उठलं, म्हणजे दारोदार गोळ्या मागायची चंगळ सुरू झाली तेव्हा ती सहाची. हॅलोविनला मुलांनी दारोदार युनिसेफसाठी नाणी गोळा करणं १९५० पासून. "तुम्हाला दारात काय मिळायचं?" एवढंच विचार. आजोबांना खोड्या विचार, खिडक्यांना साबण फासणं वगैरे. तुमच्या भागात त्या रात्रीला बेगर्स नाइट म्हणतात ना?

धागाकर्ती: हो, बेगर्स नाइट! आणि ती बरेचदा ३१ च्या आधीच करतात, त्यामुळे आमची ३० तारीख कोणाला खटकणार नाही.

टुणुकटुणुक: एवढे भोपळे आणि एवढ्या आज्या आहेत आणि 'चल रे भोपळ्या' कोणीच सांगत नाही? इंग्रजीत सांग की!

*

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. बुधवारी सात-आठ जणांवर रंगीत तालीम केली, तिचा वृत्तांत.

हातोडीनं काम केलं. पोस्टमन आजोबांनी टी अगदी सरळ रेषेत ठोकल्या, कुंपणासारख्या. मग मान वर न करता सांगायला लागले, की त्यांनी आणि भावानं शेजाऱ्याचा परसातला संडास हॅलोविनला आडवा पाडला होता आणि शेजारी आत होता. भिंतीजवळचे बाकीचे तिघं खुर्च्या घेऊन पुढे सरकले. तिघांकडेही संडासाची एकेक गोष्ट होती.

न दिसणाऱ्या दोघींनी बिया काढल्या. मोजून वाटीत टाकत होत्या, दोनशेच्या पुढे एकीचा आकडा चुकला आणि चांगलं कडाक्याचं भांडण झालं. मी मध्ये पडले नाही. त्यांच्यात इतकं बोलणं मी कधी ऐकलंच नव्हतं.

आणि गोष्ट सांगितली. म्हातारी जंगलातून लेकीकडे निघते, वाटेत वाघ भेटतो, "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा", आणि परत येताना भोपळ्यात बसते. गणितवाल्या आजींनी मध्येच विचारलं, "लेकीनं ठेवून का नाही घेतलं तिला?" मला काही सुचेना. बिया मोजणाऱ्या आजी म्हणाल्या, "तिला स्वतःच्या घरी जायचं होतं, दुसरं काय!" गणितवाल्या आजींनी जरा विचार करून मान हलवली.

३० ला तीच गोष्ट पुन्हा सांगायची फर्माईश आहे. तर शेवटची मदत करा, 'टुणुक टुणुक'ला इंग्रजीत काय म्हणू? सध्या सगळे 'टूनिक टूनिक' म्हणून भोपळा ढकलतायत.