तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट की वडणग्याचे शेत? भिंगरीसाठी घर निवडताना

रंकाळाकाठ :
भिंगरी ही आमच्याकडची कुत्री अकरा महिन्यांची आहे. गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरात गंगावेशीत दुचाकीच्या धडकेने तिचा मागचा पाय मोडला, तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. पाय आता पूर्ण बरा झाला असून नसबंदी आणि रेबीजसह सर्व लसी झाल्या आहेत. लांब पाय, आत ओढलेले पोट आणि पळण्याचा वेग पाहता तिच्यात कारवानी या देशी शिकारी जातीचे रक्त असावे, असे आमचे पशुवैद्य म्हणतात. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असल्याने तिला कायमचे ठेवणे आम्हाला शक्य नाही. तिच्यासाठी दोन घरांनी विचारले आहे : राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे, दोघेही नोकरी करणारे तरुण जोडपे आणि वडणग्याचे एक शेतकरी कुटुंब.

माझे मत राजारामपुरीच्या बाजूने आहे. ‘शेत आहे, मोकळे रान आहे, आणखी काय हवे’ असे सगळे म्हणतात. परंतु दिवसा ती कुठे असेल असे विचारल्यावर वडणग्याच्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे सांगितले, की दिवसा गोठ्याजवळ साखळीला आणि रात्री राखणीला मोकळी. म्हणजे रान दोन एकरांचे असले तरी दिवसभर तिच्या वाट्याला साखळीच्या लांबीएवढीच जागा येणार. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्येही क्रूरताच मानले आहे. राजारामपुरीचे दोघे मात्र रोज पहाटे विद्यापीठाच्या परिसरात धावायला जातात, आणि आतापर्यंत चार वेळा येऊन भिंगरीला भेटून गेले आहेत.

मळेकरी :
ताई, आपल्याला साखळी दिसली, पण फ्लॅटचे बंद दार दिसले नाही. आमच्या मळ्यात पहाटे धारा काढण्यापासून रात्री जेवणे होईपर्यंत कोणी ना कोणी कुत्र्याच्या नजरेसमोर असते. त्या फ्लॅटमध्ये मात्र सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात एक जिवंत माणूस नसणार. दिवसा बांधण्यात छळाचा हेतू नसतो. सध्या ऊसतोड चालू आहे, बांधावरून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची ये-जा आहे, आणि या वयाचे कुत्रे मोकळे सुटले तर ते चाकाखाली तरी येते किंवा शेजाऱ्याच्या कोंबड्या तरी मारते. एक वर्षाच्या कारवानीला पहाटेचा तासभर पुरेल आणि उरलेला दिवस ती गादीवर झोपून काढेल, असे ज्यांना वाटते त्यांनी असे कुत्रे पाळलेले नाही.

शाहूपुरीकर :
मी असे कुत्रे फ्लॅटमध्ये पाळले आहे आणि पहिल्या महिन्यात ते परत द्यायला निघालो होतो, म्हणून मळेकरींचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. दारे कुरतडली गेली, भुंकण्याच्या तक्रारी आल्या. पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. पण त्या सूचनेचा कागद दाखवून शेजाऱ्याची झोप परत येत नाही.

आमची चूक अशी झाली, की आम्ही त्याला फक्त दमवत होतो. जितके पळवले तितका त्याचा दम वाढत गेला. फरक पडला तो नाकाला काम दिल्यावर : सकाळचे खाणे ताटलीत न देता भाकरीचे तुकडे जुन्या चादरीच्या घड्यांत लपवायचे आणि त्याला शोधू द्यायचे. अर्ध्या तासात ते आपणहून आडवे होई. एकटे राहणेही पाच मिनिटांपासून सुरुवात करून शिकवावे लागले, आणि त्यासाठी मी आठवडाभर रजा काढली. त्या जोडप्याची अशी तयारी आहे का, हे विचारा. (आणि रविवारी उरलेला रस्सा, शिजलेली हाडे देऊ नका, हेही सांगा, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो आणि शिजलेल्या हाडाची कपची आतड्यात रुतते. शेतावरच्यांनाही हेच सांगा.)

बावडेकर :
तिला गंगावेशीतच का सोडत नाही? २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी केलेले भटके कुत्रे मूळ जागीच सोडायचे असते.

रंकाळाकाठ :
बावडेकर, तो नियम गल्लीत वाढलेल्या कुत्र्यांसाठी आहे आणि त्यांच्यासाठी तो योग्यच आहे. भिंगरी चार महिन्यांची असल्यापासून घरात वाढली आहे. तिथली कुत्री तिला टिकू देणार नाहीत.

मळेकरी, आपले बोलणे मला लागले, कारण दिवसाचा प्रश्न मी फक्त वडणग्यात विचारला होता, राजारामपुरीत नाही. काल तिथेही विचारला. त्यांचे उत्तर ‘सवय होईल तिला’ एवढेच होते. शाहूपुरीकरांचे सर्व सांगितल्यावर दोघांनी आलटून पालटून रजा काढायचे आणि दुपारी एकाने घरी यायचे कबूल केले. तरीही रात्री उसात मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्याची, घोणशीची आणि उंदरांसाठी ठेवलेल्या विषाची भीती माझ्या मनातून जात नाही.

मळेकरी :
भीती रास्त आहे; माझे एक कुत्रे विषानेच गेले. पण मत बदललेले नाही. त्या गृहस्थांना विचारा, की गोठ्यालगतच्या दोन गुंठ्यांना तारेची जाळी मारतील का. तेवढ्यात साखळीही सुटते आणि रात्रीचे फिरणेही थांबते.

रंकाळाकाठ :
उद्या विचारते. ते हो म्हणाले तर जाळी उभी राहीपर्यंत भिंगरी आमच्याकडेच राहील आणि मग पंधरा दिवस तिथे राहून पाहील. नाही म्हणाले तर ती राजारामपुरीत जाईल, तीही पंधरा दिवसांच्याच बोलीवर.