विश्वस्तांकडून लाभार्थ्यांच्या नावे घर करण्यासाठी कोणता दस्त करावा?

आमच्या आजोबांनी पुण्यातील आपले स्वकष्टार्जित घर २००१ साली नोंदणीकृत न्यासपत्राने खाजगी न्यासात (ट्रस्टमध्ये) ठेवले. धाकट्या नातवाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली की विश्वस्तांनी ते आम्हा तिन्ही नातवंडांच्या नावे समान हिश्श्याने करून द्यावे, अशी त्यात अट असून ती आता पूर्ण झाली आहे. काका आणि आत्या हे दोघे विश्वस्त आहेत. आत्या सध्या मुलाकडे कॅनडात असते. एका परिचितांनी बक्षीसपत्र सुचवले, तर दुसऱ्यांच्या मते रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्याच्या) दराने पूर्ण मुद्रांक शुल्क लागेल. नेमके काय करावे, आत्याला प्रत्यक्ष यावे लागेल का आणि धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

परवानगीचा प्रश्न आधी निकालात काढतो. ती सार्वजनिक न्यासांच्या मिळकतींसाठी लागते; आपला न्यास खाजगी असल्याने त्याला भारतीय न्यास अधिनियम, १८८२ लागू होतो.

बक्षीसपत्र करू नये. काका आणि आत्या घर स्वेच्छेने देत नसून न्यासपत्राने घातलेले बंधन पार पाडत आहेत. शिवाय आजोबांनी नातवंडांना थेट बक्षीस दिले असते तर मिळाली असती ती शुल्काची सवलत काकांकडून पुतण्यांना मिळणार नाही. त्याऐवजी ‘विश्वस्तांकडून लाभार्थ्यांना हस्तांतरण’ असा दस्त करावा. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीत अशा मोबदल्याविना होणाऱ्या हस्तांतरणासाठी स्वतंत्र तरतूद आहे आणि तिचे शुल्क अगदी किरकोळ आहे. मात्र दुय्यम निबंधकांच्या टेबलावर वाद घालण्यापेक्षा, सह्या करण्यापूर्वीच मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम ३१ खाली अभिनिर्णयासाठी, म्हणजे किती शुल्क लागेल हे ठरवून घेण्यासाठी, द्यावा. शीर्षकापेक्षा मजकूर महत्त्वाचा : न्यासपत्राचा नोंदणी क्रमांक, पूर्ण झालेली अट, मोबदला नसल्याचे विधान आणि प्रत्येकाचा अविभक्त एक तृतीयांश हिस्सा, हे सारे त्यात यायलाच हवे.

न्यासपत्रात वेगळे काही म्हटले नसेल तर न्यास अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे दोन्ही विश्वस्तांनी दस्त करून द्यावा लागतो. एकट्या काकांची सही पुरणार नाही. तरीही आत्यांनी येण्याची गरज नाही. विश्वस्ताला आपले काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही हे खरे, परंतु ज्यात स्वतंत्र निर्णयाचा प्रश्नच नाही अशा निव्वळ औपचारिक कृतीसाठी मुखत्यार नेमणे म्हणजे काम सोपवणे नव्हे, असे कलम ४७ च्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे. म्हणून त्यांनी याच एका दस्तापुरते मुखत्यारपत्र भारतीय वाणिज्य दूतावासात किंवा तेथील नोटरीसमोर करून पाठवावे, आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा.

सह्या झाल्यावर चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करावा लागतो. त्यानंतर नगर भूमापन कार्यालयात अर्ज करून मिळकत पत्रिकेवर फेरफार नोंदवून घ्यावा आणि महापालिकेच्या मिळकतकराच्या नोंदीतही नावे बदलावीत.

आणखी एक गोष्ट पाहावी लागेल : घरावर कर्ज आहे का, किंवा त्यात कोणी भाडेकरू आहे का? तसे असल्यास मसुद्यात त्याचा उल्लेख लागेल. ते कळवल्यास पुढील तपशील लिहितो.