मदत हवी आहे: पॉवर प्रेसचं एक बटण बांधून ठेवतात, काय करू?

भोसरीतल्या छोट्या प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर आहे. सहा जुन्या प्रेस (पत्रा साच्यात दाबून कापणारी यंत्रं), सगळ्या पिन क्लचच्या, म्हणजे पिन अडकली की प्रेस फिरवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या. दोन्ही हातांनी बटणं दाबली तरच स्ट्रोक पडतो, म्हणजे प्रेसचा वरचा भाग खाली येतो. पण इन्सेन्टिव्ह नगावर, त्यामुळे पोरं एका बटणावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधतात आणि मोकळ्या हाताने ब्लँक (पत्र्याचा कापलेला तुकडा) सरकवतात. गेल्या महिन्यात एकाच्या तर्जनीचं पेर गेलं. नोंद, ईएसआय सगळं झालंय, पण तो हात डोळ्यांसमोरून हलत नाही.

मराठी-हिंदी बोर्ड लावले, रोज शिफ्टच्या आधी पाच मिनिटं बोलतो, पट्ट्या कापून टाकल्या. दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. लाइट कर्टनचा (हात आत गेला की मशीन थांबवणाऱ्या प्रकाशाच्या पडद्याचा) उपयोग नाही, पिन क्लच लागला की स्ट्रोक मध्येच थांबत नाही. यंत्राच्या धोक्याच्या भागांना गार्ड हवाच, हा कायद्यातला नियम मालकांना दाखवला. गार्डच्या खर्चाला ते तयार आहेत, नवीन प्रेसला नाहीत. इन्सेन्टिव्हबद्दल मी वेगळं बोलतोय.

दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदात एकदम दाबली तरच चालणारा रिले अशा जुन्या पॅनेलवर कोणी बसवलाय का? की तळहाताएवढ्या सुट्या ब्लँकसाठी डायसमोर (साच्यासमोर) फिक्स गार्ड आणि आत ढकलायची स्लाइड हेच जास्त खात्रीचं?