2007 ची गाडी आता थकली, साडेपाच लाखांत सेकंडहँड कोणती घेऊ?

एमएच50_वाला:
नमस्कार मंडळी. घरी 2007 ची छोटी हॅचबॅक आहे, बाबांनी घेतलेली, मी तिच्यावरच शिकलो. 2022 ला 15 वर्षं झाली तेव्हा पाच हजार फी, वर पर्यावरण कर, आणि पासिंगसाठी पत्र्याचं काम असं सगळं करून पाच वर्षं वाढवून घेतली. आता 2027 ला परत तेच, त्यात वीस वर्षांपुढच्या कारला फी दहा हजार झालीये. फीचं सोडा हो, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून गेलाय, मॅट उचललं की रस्ता दिसतो, पावसात सॉक्स ओले करूनच ऑफिसला पोचतो. मागच्या महिन्यात चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात हीट झाली, बायको पोरं आणि बाबा कठड्यावर बसलेले आणि मी प्यायचं पाणी रेडिएटरमध्ये ओततोय. मेस्त्री म्हणाला हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाचं सील) गेलंय, आता हिच्यात पैसे घालू नका.

बजेट साडेपाच, ओढून ताणून पावणेसहा. रनिंग महिन्याला 600 किमी, दोन महिन्यातून एकदा चिपळूण. माणसं पाच (दोन पोरं धरून), दिवाळीत ताई आली की आठ. बाबांचे गुडघे दुखतात. बघून ठेवलेल्या गाड्या:

2017 ची अर्टिगा डिझेल, 1 लाख 38 हजार किमी, सेकंड ओनर, पावणेसहा म्हणतोय.
2019 ची वॅगनआर 1.2 पेट्रोल, 45 हजार, फर्स्ट ओनर, चार साठ.
2018 ची डिझायर पेट्रोल, बाहेरून सीएनजी बसवलेली, 82 हजार, पाच दहा.

मन अर्टिगावर आहे. काय करू?

घाटावरचा_गणू:
दादा महिन्याला 600 म्हणजे वर्षाला 7200 किमी. डिझेल 20 चं ॲव्हरेज दिलं तरी 360 लिटर, पेट्रोल 17 दिलं तर सव्वाचारशे लिटरच्या आसपास. आपल्याकडचे भाव लावून बघा, वर्षाला अकरा बारा हजार वाचतात. आणि एकदा क्लच प्लेट, इंजेक्टर नाहीतर टर्बो काढायची वेळ आली की चार पाच वर्षांची बचत एका दुपारी गॅरेजवाल्याच्या खिशात. ते 1.3 डिझेल इंजिन वाईट नाही, उलट दणकट, पण मारुतीने 2020 ला बीएस6 (प्रदूषणाचे कडक नियम) आल्यावर डिझेल बंदच केलं, आणि दीड लाखाला आलेली गाडी ज्याने पळवली त्याला माहीत कशी पळवली. वर्षातले चार दिवस आठ माणसं म्हणून उरलेले 361 दिवस सात सीटची गाडी गल्लीबोळात लावत बसायची का? दिवाळीत भाड्याने करा की एखादी. आणि अर्टिगात आठ बसतात कुठे, सातच, तिसऱ्या रांगेत माणसं बसली की डिक्कीत फराळाचा डबा पण नीट मावत नाही.

कोल्हापुरी_09:
गणू शेठ हिशोब बरोबर पण सात सीटर घरात असली की पाहुण्यांना नाही म्हणावं लागत नाही, त्याची किंमत कशात मोजणार 😄 माझ्याकडे आहे, लग्नसराईत माझी गाडी माझी नसते.

सांगलीकर_10:
मॉडेल कुठलंही घ्या पण आधी एक काम करा, सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा. मी शिकलोय म्हणून सांगतो. 2021 च्या पुरानंतर सहा सात महिन्यांनी एक गाडी बघायला गेलो, चकाचक, बाजारभावापेक्षा साठ सत्तर हजार कमी, आत उदबत्तीच्या दुकानासारखा वास मारलेला. टेस्ट ड्राइव्ह मस्त. माझा मेव्हणा सोबत होता, त्याने मागच्या सीटचा बेल्ट ओढत ओढत पूर्ण बाहेर काढला तर शेवटच्या वीतभर पट्ट्याला वाळलेला गाळ, हाताला पावडर लागली अक्षरशः. मग स्टेपनी काढली, तिच्या खालच्या खड्ड्यात पण तसाच तांबडा थर, सीटच्या रेल गंजलेल्या. विकणारा म्हणे गाडी शेतात जायची. शेतात सीट बेल्टच्या आत चिखल जातो होय रे? 2019 आणि 2021, दोन पूर बघितलेत आपल्या भागाने आणि चिपळूणने पण 2021 चा, त्यामुळे जुन्या गाडीत नवंकोरं कार्पेट दिसलं की माणसाने सावध व्हावं. पाण्यात गेलेली गाडी लगेच बंद पडत नाही, वर्षभराने वायरिंग एकेक करून जातं आणि कुणालाच कारण सापडत नाही.

गॅसवाला_बंड्या:
सीएनजीला कुणी विचारतच नाही इथे. रोजच्या रनिंगला त्याच्यासारखं स्वस्त काही नाही. पण खरं सांगतो, डिझायरच्या डिक्कीत सिलिंडर बसला की बॅगा मांडीवर आणि घाटात ओढ कमी वाटते, मी तर चढाला पेट्रोलवर टाकतो. बाहेरून बसवलेली आहे ना, मग आरसीवर सीएनजी चढलंय का बघा, नसेल तर उद्या इन्शुरन्सच्या क्लेमला नडतात. सिलिंडरची तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झाल्याची प्लेट मागा. 600 किमीसाठी मी पण नसती घेतली.

आरटीओ_पीडित:
कागदाचं बोलतो. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 (बँकेचा बोजा उतरवायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, "लोन भरलंय हो" वर जाऊ नका, भरलेलं असतं पण एचपी (आरसीवरचा बँकेचा बोजा) उतरवलेली नसते आणि मग आपण बँकेत खेटे घालतो. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन ते घरात ठेवू नका, ट्रान्सफर टाका. इन्शुरन्स 14 दिवसांच्या आत नावावर करून घ्या, आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही तेव्हा फरक भरावा लागेल. नंबर टाकून ई-चलान बघा. एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) बसवलीये का तेही. दिल्ली पासिंगची स्वस्त गाडी कुणी दाखवली तर आधी इथला रोड टॅक्स धरून बेरीज करा, स्वस्ताई तिथेच संपते. आणि जुनी गाडी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला अशीच देऊ नका, नोंदणीकृत स्क्रॅप सेंटरला देऊन सर्टिफिकेट घ्या, नाहीतर नंबर तुमच्या नावावर जिवंत राहतो.

घाटावरचा_गणू:
वॅगनआर बघायला जाल तेव्हा एअरबॅग दोन आहेत का बघा, त्या वर्षी खालच्या व्हेरियंटला ड्रायव्हरचीच असायची. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा पुढचे दोन वर्ष. आणि मीटर 45 हजार म्हणतोय पण ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का ते बघा, मीटर मागे नेता येतो, रबराला कोण विचारतंय.

एमएच50_वाला:
सगळ्यांचे आभार. रविवारी मेस्त्रीला घेऊन गेलो. अर्टिगावाल्याला सांगितलं होतं गाडी चालू करू नका आम्ही येईपर्यंत, थंड इंजिन कसं सुरू होतं ते बघायचं होतं, गेलो तर मेस्त्रीने बॉनेटला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. गरम. "आत्ताच दूध आणायला गेलो होतो" म्हणे, अकरा वाजता. ऑइलचं झाकण उघडून चालू गाडीत बघितलं तर फकफक धूर. मेस्त्री जाता जाता एवढंच म्हणाला, दूध नासलंय.

वॅगनआर बरी निघाली. टायर 2019 चेच, म्हणजे बदलावे लागणार, डावा मागचा दरवाजा टचअप आहे, पण बेल्ट स्वच्छ, रबरावर रेघा शाबूत, एअरबॅग दोन. बाबांना मुद्दाम नेलं होतं. आमच्या जुन्या गाडीत ते आधी पाठ आत टाकतात मग पाय एकेक उचलून घेतात, इथे सरळ खुर्चीवर बसल्यासारखे बसले, उतरले, परत बसले, आणि म्हणाले, "ताईला यष्टीने येऊ दे."

चार पंचेचाळीसला ठरलं, पाच हजार टोकन दिलं. पण चलान बघितली तर साडेतीन हजाराची निघाली, दोन पुण्यातली एक एक्स्प्रेसवेची. मालक म्हणतो अर्धी तुम्ही भरा. काय करू?

आरटीओ_पीडित:
तुम्ही होतात का एक्स्प्रेसवेला? एक रुपया देऊ नका, ट्रान्सफरच्या आधी त्याच्याकडून भरून घ्या आणि पावती मागा.